गाडीत बटणं हवीत की टचस्क्रीन? सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवीन गाडी घ्यायची म्हटलं की नातेवाईक, ऑफिसातले लोक, सोसायटीच्या ग्रुपवरचे काका, सगळे मला मायलेज आणि सनरूफनंतर हेच विचारतात. मी इंजिनिअर वगैरे नाही, फक्त गाड्यांचं वेड आहे आणि दोन वर्षं मोठ्या स्क्रीनवाली गाडी चालवतोय, त्याआधी साध्या नॉबवाली हॅचबॅक सात वर्षं चालवली. दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, यापुढे कोणी विचारलं की ही लिंक.

म्हणजे तू टचस्क्रीनच्या विरोधात आहेस का?

अजिबात नाही. नकाशा मोठ्या स्क्रीनवरच बघावा, रिव्हर्स कॅमेराही. गाडी उभी असताना ज्या सेटिंग एकदा करून विसरायच्या असतात, म्हणजे घड्याळ, भाषा, साउंड, दरवाजे आपोआप कधी लॉक व्हावेत, ते सगळं खुशाल मेनूत खोल पुरा, माझं काही म्हणणं नाही. भांडण आहे ते गाडी चालू असताना रस्त्यावरची नजर न काढता करायच्या पाच-सात गोष्टींचं. एसीचा पंखा, तापमान, पुढच्या काचेची वाफ घालवणं, वायपर, आवाज कमी-जास्त, चारी इंडिकेटर, हॉर्न. ह्या हाताला न बघता सापडल्या पाहिजेत, बस.

न बघता सापडणं एवढं काय महत्त्वाचं?

घरी मिसळणाचा डबा उघडला की आई मोहरीकडे बघत नाही, हात जातो. बोर्डवरचं पंख्याचं बटण रात्री लाईट गेलेली असताना पण चाचपून सापडतं. जागा ठरलेली असते, आकार ठरलेला असतो, आणि दाबलं की खट करून कळतं. स्क्रीनला यातलं काहीच नाही. ती गुळगुळीत काच आहे, बोट कुठे टेकलंय ते बोटाला कळतच नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि त्यात मिसळणाचा डबा दरवेळी वेगळ्या पानावर उघडत असेल तर?

हे ज्ञान नवीन नाहीये बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आत घ्यायच्या ऐवजी चुकून चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी होते. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उपाय काय सुचवला, तर चाकाच्या खटक्याला चाकासारखी गोल मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी. पायलटच्या हाताला न बघता कळायला लागलं. ही गोष्ट १९४० च्या दशकातली आहे आणि विमानात ते आकार अजून तसेच आहेत.

आता गाडीचं गणित करा. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १०० ला जवळपास २८. दोन सेकंद खाली बघितलं म्हणजे १०० च्या स्पीडला ५५ मीटर तुम्ही आंधळ्यासारखे गेलात, आणि आपल्याकडे ५५ मीटरमध्ये एक रिक्षा, एक कुत्रं आणि उलट्या बाजूने येणारा एक ट्रॅक्टर आरामात मावतो.

हे कोणी मोजलंय का, की नुसत्या गप्पा?

मोजलंय. स्वीडनच्या वी बिलेगारे या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि त्यांच्यासोबत २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० घेतली, धावपट्टीवर ११० च्या स्पीडला चालवायला लावली आणि चार साधी कामं दिली, सीटचं हीटर लावून तापमान वाढव, रेडिओवर अमुक स्टेशन लाव, ट्रिप मीटर शून्यावर आण, डॅशबोर्डचा उजेड कमी कर, अशी. ड्रायव्हरना आधी गाडी समजून घ्यायला वेळ पण दिला होता. जुन्या व्होल्वोत चारी कामं १० सेकंदात झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात शेवटी आली एमजी मार्व्हल आर, तिला १३७२ मीटर लागले, म्हणजे पाऊण मिनिट. सव्वा किलोमीटरच्या वर!

एक गोष्ट मात्र लोक फॉरवर्ड करताना सोडून देतात. त्याच टेस्टमध्ये डॅशिया सँडेरो आणि व्होल्वो सी४० या नव्या गाड्यांनी पण चांगला वेळ दिला, साधारण १४ सेकंदांच्या आत. त्यामुळे नवीन म्हणजे वाईट असं नाही, मांडणी कशी केलीय त्यावर आहे.

अमेरिकेत २०१७ मध्ये एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने युटा विद्यापीठाकडून ३० गाड्या तपासून घेतल्या, त्यात नेव्हिगेशनमध्ये पत्ता टाकायला सरासरी ४० सेकंद लागत होते. समृद्धीवर १२० ने जाताना ४० सेकंद म्हणजे १.३ किलोमीटर. पत्ता घरून निघतानाच टाका प्लीज.

सवय झाली की सुटेल ना हा प्रश्न? मोबाईलची झालीच की.

थोडा सुटतो, पूर्ण नाही. मला दोन वर्षांनी एसीचा आयकॉन कुठे आहे ते पाठ आहे, पण बोट तिथे पोचेपर्यंत गाडी खड्ड्यात जाते आणि बोट बाजूच्या आयकॉनवर पडतं, मग गाडी गार व्हायच्या ऐवजी एफएम चालू होतो. नॉब असला की हात त्याला धरून राहतो, गाडी कितीही हादरली तरी. स्क्रीनला धरायला काही नाही, हात हवेत तरंगतो. त्यातून आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणजे स्क्रीनला डावा हात, आणि बहुतेकांचा चालता हात उजवा.

शिवाय मोबाईलकडे आपण टक लावून बघत असतो, त्याची सवय आणि न बघता वापरायची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एक दिवस रात्रीतून अपडेट येतं आणि पाठ केलेला आयकॉन दुसरीकडे गेलेला असतो. नॉबला अपडेट येत नाही.

मग कंपन्यांना कळत नाही का?

चांगलं कळतं, पण पैसे. एक बटण म्हणजे त्याचा साचा, त्याच्यामागचा दिवा, वायरिंग, हजारो वेळा दाबून टेस्टिंग, आणि डाव्या-उजव्या स्टिअरिंगसाठी वेगळी मांडणी. स्क्रीन तर गाडीत असणारच आहे, अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, कॅमेरा आला की तो दाखवायला डिस्प्ले आलाच. मग त्याच स्क्रीनवर आणखी दहा आयकॉन टाकले तर वेगळा खर्च काय, जवळपास काहीच नाही. डिझाईन शेवटपर्यंत बदलता येतं हा अजून एक फायदा.

आपल्याकडे अजून एक गंमत असायची. बेस मॉडेल घेतलं की डॅशबोर्डवर रिकामी डमी बटणं दिसायची, दरवेळी गाडीत बसलं की आपण टॉप मॉडेल घेतलं नाही याची आठवण. स्क्रीनमुळे ती लाज तरी गेली!

आणि शोरूम. शोरूममध्ये गाडी उभी असते, उभ्या गाडीत मोठी स्क्रीन भारीच दिसते. टेस्लाने २०१२ मध्ये मॉडेल एस ला १७ इंची स्क्रीन लावली आणि त्यानंतर सगळ्यांना वाटायला लागलं की स्क्रीन लहान म्हणजे गाडी जुनी. खरं तर टचस्क्रीनवाली गाडी त्याच्याही खूप आधी आली होती, ब्यूकने १९८६ च्या रिव्हिएराला जुन्या टीव्हीसारखी ट्यूबवाली टचस्क्रीन लावली होती. लोकांना ती आवडली नाही आणि काही वर्षांत कंपनीने काढून टाकली. चाळीस वर्षांपूर्वीच धडा मिळाला होता, कोणी वही उघडून बघितली नाही.

बटणं परत येतायत म्हणे, खरंय का?

बऱ्यापैकी खरं. युरोपमध्ये गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, चारी इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल या पाच गोष्टींना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर मार्क कापायचं ठरवलंय. हा कायदा नाही, पण पाच स्टार नसलेली गाडी युरोपात विकायला जड जाते, त्यामुळे कंपन्या ऐकतात.

फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत आवाजाला आणि तापमानाला बोटाने घसरवायच्या पट्ट्या दिल्या होत्या आणि कहर म्हणजे त्यांना मागून दिवाच नव्हता, रात्री दिसायच्याच नाहीत. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की डिझाईन प्रमुख आंद्रेयास मिंट यांनी २०२५ मध्ये जाहीर सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि चारी इंडिकेटर यांना यापुढे बटणंच देणार. उलट माझदा, जी २०१९ मध्ये टचस्क्रीन धोक्याची म्हणून गोल नॉबकडे गेली होती, तिने नव्या सीएक्स-५ मध्ये बटणं काढून मोठी टचस्क्रीन लावली. त्यामुळे सगळे सुधारले असं समजू नका.

स्क्रीनमुळे खरंच कोणाला दंड झालाय का?

जर्मनीत झालाय. एक टेस्लावाला मुसळधार पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलत होता, गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कोर्टात त्याचं म्हणणं होतं की वायपर हा तर गाडीचाच भाग, मी मोबाईल थोडीच बघत होतो. कार्ल्सरुहच्या वरच्या कोर्टाने २०२० मध्ये ते मानलं नाही, स्क्रीन म्हणजे स्क्रीन, २०० युरो दंड आणि एक महिना लायसन्स बंद. मला त्या माणसाबद्दल थोडं वाईटच वाटतं, वायपर स्क्रीनमध्ये घातला कंपनीने आणि दंड भरला याने.

दंडाच्या पलीकडचं उदाहरण हवं तर ते समुद्रातलं आहे. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची जॉन एस. मॅककेन ही युद्धनौका एका टँकरशी धडकली, १० खलाशी गेले. चौकशीत थकवा, अपुरं ट्रेनिंग हे निघालंच, पण टचस्क्रीनवर सुकाणूचा आणि इंजिनांचा ताबा कोणाकडे आहे हा गोंधळ पण निघाला. नौदलाने नंतर त्या जातीच्या जहाजांवर टचस्क्रीनचा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची सोय) काढून परत हाताने ढकलायचा खटका लावायचं ठरवलं.

पावसाळ्यात घाटात काचेवर वाफ धरते तेव्हा काय करू? माझ्या गाडीत ते बटण स्क्रीनमध्ये आहे.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण इथे सगळं उघडं पडतं.

आधी वाफ आतून आहे की बाहेरून ते बघा, काचेला आतून बोट लावून रेघ मारा. रेघ उठली तर वाफ आतली, म्हणजे चार माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, भिजलेले कपडे. तेव्हा एसी चालू, पंखा जोरात, हवा पुढच्या काचेवर आणि बाहेरची हवा आत घ्यायची. लोक एसी बंद करतात थंडी वाजते म्हणून, पण हवेतला ओलावा एसीच काढतो, थंडी वाजत असेल तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका.

रेघ उठली नाही तर वाफ बाहेरची. म्हणजे तुमच्या एसीने काच इतकी गार केलीय की बाहेरची दमट हवा तिच्यावर दव होऊन बसतेय, थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो तसं. आता उपाय बरोब्बर उलटा, वायपर मारा, काचेवरची गार हवा बंद करा आणि तापमान वाढवा. इथे घाबरून परत काचेवर गार हवा सोडली की काच आणखी पांढरी होते.

म्हणजे बघा, दोन प्रकार, दोन उलटे उपाय, प्रत्येकात तीन-चार बटणं, आणि वेळ किती, तर कसारा घाटात समोरचा ट्रक दिसेनासा व्हायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. माझ्यासोबत हेच झालं, मागच्या जुलैत, मागे आई आणि दोन पोरं, समोर दुधाचा टँकर, काच पांढरी व्हायला लागली आणि मी स्क्रीनवर नकाशातून बाहेर पडून एसीचं पान उघडतोय, तेवढ्यात फोन वाजला आणि त्या फोनने अख्खी स्क्रीन व्यापली. फोन होता भावाचा, कुठे पोचलात विचारायला. शेवटी आईने मागून पुढे वाकून पदराने काच पुसली. जुन्या गाडीत हे काम म्हणजे एक नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवणे, एवढंच होतं.

तेव्हापासून मी घाट सुरू व्हायच्या आधीच एसीचं पान उघडून ठेवतो आणि नकाशाला सुट्टी देतो. कसारा काय, माळशेज काय, आंबोली काय, रस्ता एकच आहे, चुकणार कुठे.

एक पोटप्रश्न नेहमी येतो म्हणून इथेच, पावसात आणि बोगद्यात चारी इंडिकेटर लावून चालू नका. त्याने तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे ते मागच्याला कळत नाही. ते गाडी थांबली किंवा बंद पडली तर लावायचे, आणि त्यासाठीच ते बटण चटकन सापडायला हवं.

माझ्या गाडीत स्क्रीनखाली टच पॅनल आहे, ते बटणंच झाली ना?

अर्धवट. जागा ठरलेली असते हा फायदा खरा, मेनू नाही. पण ती पण काचच, बोटातल्या विजेच्या हलक्या फरकावर चालणारी, त्यामुळे बोट ओलं असेल, हातमोजा असेल तर कधी ऐकते कधी नाही. कळतंय की नाही म्हणून आपण परत दाबतो आणि ती दोन पायऱ्या पुढे जाते. काही कंपन्यांनी मधला रस्ता काढलाय, पॅनल टचचं पण पंखा आणि तापमानाला वर-खाली करायचे खरे खटके, टाटाच्या २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये तसं आहे. हे मला चालतं, रोज लागणारं तेवढं तरी हाताला लागतं. उन्हात त्या काळ्या चकचकीत पॅनलवर बोटांचे ठसे आणि धूळ सोडून काही दिसत नाही हा भाग वेगळा.

व्हॉइस कमांड आहे की! बोलायचं आणि सोडून द्यायचं.

रिकाम्या गाडीत, काचा बंद, इंटरनेट चांगलं, उच्चार साफ, तर छान चालतं. आमच्या गाडीत मागे पोरं भांडत असतात. आणि "एसी कमी कर" म्हटल्यावर पंखा कमी करायचा की गारवा कमी करायचा हे बायकोला पण दरवेळी कळत नाही, गाडीला काय कळणार. पत्ता शोधायला, फोन लावायला व्हॉइस उत्तम. बाळ नुकतं झोपलंय आणि गाण्याचा आवाज कमी करायचाय, तेव्हा मोठ्याने ओरडून आवाज कमी करायला सांगणार का?

वडील सत्तरीचे आहेत, त्यांना जमेल का?

इथे एक गोष्ट तरुण पोरांच्या डोक्यातच येत नाही, चाळीशी. चाळीशी लागलेल्या माणसाला लांबचा रस्ता स्वच्छ दिसतो आणि हातभर अंतरावरची बारीक अक्षरं धूसर. चालवताना तो वाचायचा चष्मा लावत नाही, लावला तर रस्ता धूसर. त्यात वय वाढलं की नजर लांबून जवळ आणि जवळून परत लांब जमवायला पण जास्त वेळ लागतो. माझे बाबा पस्तीस वर्षं गाडी चालवतायत, एक ओरखडा नाही, आणि माझ्या गाडीत बसले की म्हणतात "अरे, हे मला दिसतच नाही तर दाबू काय." त्यांच्यासाठी खरे नॉब असलेलीच गाडी बघा, यात मी अजिबात मवाळ नाही.

स्क्रीन हँग झाली तर गाडी बंद पडेल का?

नाही, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचे कॉम्प्युटर वेगळे असतात, स्क्रीन काळी झाली तरी गाडी चालते. पण ज्या गोष्टी फक्त स्क्रीनमध्येच आहेत त्या तेवढा वेळ गेल्या, एसी जिथे होता तिथेच अडकतो, कॅमेरा दिसत नाही. रीस्टार्ट कसं करायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेक गाड्यांत एखादं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. ते आजच बघून ठेवा, आणि करताना गाडी बाजूला घ्या. वॉरंटी संपल्यावर स्क्रीन गेली तर काय किंमत आहे हे पण घेतानाच विचारा, सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आपल्याकडच्या कोणत्या गाड्यांत काय आहे?

व्हेरियंटप्रमाणे बदलतं त्यामुळे शोरूममध्ये हात लावूनच बघा, पण ढोबळ सांगतो. मारुतीच्या स्विफ्ट, बलेनो, ब्रेझा यांत एसीला अजून खरे नॉब आणि बटणं आहेत. स्कोडाच्या कुशाक आणि फोक्सवॅगनच्या टायगनमध्ये मजेशीर प्रकार आहे, ऑटो एसीच्या महागड्या मॉडेलला टच पॅनल आणि खालच्या मॉडेलला फिरवायचे नॉब, म्हणजे कमी पैसे देऊन जास्त सोय. एमजी हेक्टर २०१९ ला १०.४ इंची स्क्रीन घेऊन आली, २०२३ ला ती १४ इंची झाली. एमजीच्याच विंडसरमध्ये १५.६ इंची स्क्रीन आहे आणि एसी त्यातच. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये १२.३ इंचाच्या तीन स्क्रीन ओळीने आहेत. आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं, तिथल्या मॉडेल वाय मध्ये तर गिअर पण स्क्रीनवर बोट सरकवून टाकायचा, इंडिकेटरची दांडी मात्र आहे. स्कोडाच्या नव्या कोडियाकमधले फिरवायचे स्मार्ट डायल मला वैयक्तिक फार आवडले, डिस्प्ले पण आणि हाताला पकड पण.

भारत एनकॅपचे पाच स्टार बघून बटणांबद्दल काही कळणार नाही, ते क्रॅशमध्ये गाडी किती वाचवते ते सांगतात.

टेस्ट ड्राइव्हला काय तपासू?

सेल्समन गाडी चालू करून गाणी लावेल, ती बंद करायला सांगा. गाडी उभी असतानाच ड्रायव्हर सीटवर बसून एकदा सगळं बघून घ्या, मग डोळे मिटा आणि शेजारच्याला हुकूम सोडायला सांगा: चारी इंडिकेटर लाव, पंखा दोन पायऱ्या वाढव, पुढच्या काचेवर हवा सोड, आतली हवा बंद करून बाहेरची घे, आवाज बंद कर, वायपर एकदा मार. सहापैकी किती जमलं ते मोजू नका, कोणतं जमलं नाही ते लक्षात ठेवा, कारण काचेची हवा जमली नाही आणि आवाज बंद करणं जमलं तर काय उपयोग.

दुसरं, नकाशा चालू असताना एसीपर्यंत किती वेळा दाबावं लागतं ते बघा, एकदाच असेल तर ठीक. तिसरं, शक्य असेल तर संध्याकाळी परत जा, अंधारात स्क्रीनचा उजेड पुढच्या काचेत दिसतो का आणि तो चटकन कमी होतो का. आणि आरसे ॲडजस्ट करायचं बटण दारावर आहे की मेनूत तेही बघा, घरात दोन जण गाडी चालवत असतील तर रोजचं काम आहे ते.

बाहेरून बटणं बसवून मिळतात का?

काही गाड्यांसाठी मिळतात. पण वायरिंग कापून बसवणार असेल तर नको, वॉरंटी जाईल. आधी स्टिअरिंगवर स्टारची खूण असलेलं किंवा कस्टम बटण, म्हणजे ज्याचं काम आपण ठरवायचं असं, आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत असतं आणि बऱ्याच मालकांना माहीतच नसतं.

गाडी घेऊन झालीये, सगळं स्क्रीनमध्येच आहे, आता काय?

एसी ऑटोवर टाका, २४-२५ ला, आणि त्याला त्याचं काम करू द्या, सारखं बोट लावायची गरज निम्मी होते. रेन सेन्सर असेल तर वायपर पण ऑटोवर. रोज लागणारे आयकॉन खालच्या पट्टीत आणता येत असतील तर आणा. पत्ता आणि गाणी पार्किंगमधून निघायच्या आधी. शेजारी जो बसेल त्याला स्क्रीनचं खातं द्या, आमच्याकडे ते खातं मुलीकडे आहे, वय वर्षं दहा, आणि ती मला विचारल्याशिवाय तापमान बदलत नाही, मी मात्र तिला विचारल्याशिवाय गाणं बदलू शकत नाही.